घर नातेवाइकांचं, शहर सायगॉन: मुक्काम घरी ठेवून ‘डिस्ट्रिक्ट वन’ कसं पाहावं

व्हिएतनाममधल्या सायगॉनला भाऊ, बहीण, लेक किंवा भाचा नोकरीनिमित्त राहत असेल तर भारतातल्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘राहायची सोय आहेच, तिकीट काढलं की झालं.’ तिकीट आणि राहायची सोय यांच्या मध्ये बरंच काही असतं. या शहरात आम्ही दार उघडणाऱ्यांच्या बाजूला आहोत. एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि दिवाळीनंतर आमच्याकडे पाहुण्यांची रांग असते. त्यातले जे मजेत राहून जातात ते काय वेगळं करतात, हे बघून बघून ही टिपणं तयार झाली.

शहराचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, पण रोजच्या बोलण्यात इथले लोकही सायगॉनच म्हणतात. पर्यटकांना जे पाहायचं असतं त्यातलं बहुतेक एका जुन्या विभागात आहे: डिस्ट्रिक्ट वन, इथल्या भाषेत ‘क्वान मोत’. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हापातळीवरचे विभागच रद्द केले. बिन्ह दुओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे शेजारचे प्रांत शहरात आले आणि क्वान मोतच्या जागी सायगॉन, बेन थान, काउ ओंग लान्ह, तान दिन्ह असे वॉर्ड झाले. म्हणजे कागदोपत्री तो विभाग आता नाही. टॅक्सीवाला, फळवाली आणि तुमचे जावई मात्र क्वान मोतच म्हणणार, त्यामुळे आपणही तेच म्हणू. फक्त अर्जात पत्ता लिहिताना नवा वॉर्ड लिहायचा.

हॉटेलात उतरलेला माणूस दोन दिवसांत हा विभाग उरकतो, कारण त्याच्या खोलीचं मीटर चालू असतं. तुमचं नसतं. घरी राहण्याचा खरा फायदा पैशांचा नाही, वेळेचा आहे. रोज सकाळी एक तुकडा पाहायचा, ऊन चढलं की घरी यायचं, जेवून झोपायचं, वाटलं तर संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं. आणि हे सगळं यजमानांना सोबत न ओढता. पुढचं सगळं या एकाच हिशेबाने लिहिलं आहे.

तारखा ठरवताना

इथे दोनच ऋतू. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, मे ते नोव्हेंबर पावसाचा. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी एप्रिल-मेमध्ये पडते आणि सायगॉनचा सगळ्यात तापलेला महिना एप्रिलच. पारा पस्तिशीच्या आसपास आणि हवा मुंबईसारखी चिकट. मे-जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दुपारी तासभर धो धो कोसळतो आणि मोकळा होतो. आपल्यासारखी झड लागत नाही. त्यामुळे पावसाळ्याला भिऊ नका. दिवाळीची सुट्टी पावसाच्या शेवटी येते, ती चांगली. सगळ्यात छान डिसेंबर-जानेवारी.

दोन मुहूर्त टाळा. एक तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, जे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात अर्धं शहर गावी जातं आणि दुकानं बंद राहतात. दुसरा ३० एप्रिल आणि १ मे ही जोडसुट्टी. १९७५ मध्ये ३० एप्रिललाच व्हिएतनाम युद्ध संपलं, त्यामुळे या शहरात त्या दिवशी जी गर्दी उसळते तिला तोड नाही.

तारखा यजमानांना विचारून ठरवा, कळवून नव्हे. इथल्या इंटरनॅशनल शाळांच्या परीक्षा आणि सुट्ट्या आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या असतात.

व्हिसा, आणि सगळे विसरतात ती पोलीस नोंद

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. कंबोडियातलं अंगकोर वाट जोडून करायचं असेल तर अनेक प्रवेशांचा घ्या, नाहीतर परत येताना दार बंद. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असतं. त्यासारखी दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं शोधयादीत वर दिसतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहायचं. वडिलांचं नाव मध्ये असलं-नसलं, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, तर चेक-इनच्या खिडकीवरच अडवतात. अर्जात राहण्याचा पत्ता लागतो. तो नातेवाइकांकडून लिहूनच घ्या, फोनवर ऐकून नको.

आता खरी गंमत. व्हिएतनाममध्ये परदेशी माणूस कुठे मुक्कामाला आहे याची नोंद स्थानिक पोलिसांकडे व्हावी लागते, मुक्कामाच्या जागी पोहोचल्यापासून १२ तासांच्या आत. हॉटेलवाले आपसूक करतात, म्हणून पर्यटकाला पत्ताही लागत नाही. घरी उतरलात तर ही जबाबदारी घरवाल्यांची. भाड्याचं घर असेल तर घरमालकामार्फत किंवा इमारतीच्या ऑफिसमार्फत ऑनलाइन होते. त्यासाठी तुमच्या पासपोर्टचं पहिलं पान, ई-व्हिसा आणि उतरल्यावर पडलेल्या शिक्क्याचा फोटो लागतो. शिक्क्याचा फोटो विमानतळावरच काढून यजमानांना पाठवून द्या. मध्ये चार दिवस हनोई किंवा दा नांग करून परत आलात तर नोंद पुन्हा करावी लागू शकते, तेव्हा आधी सांगा. पाहुण्याचा आळस यजमानाच्या अंगाशी येतो.

सामान

‘तिकडे काही मिळत नसेल’ असं म्हणून तूरडाळ आणणारे पाहुणे अजून संपलेले नाहीत. डाळी, कणीक, मसाले विकणारी भारतीय दुकानं इथे आहेत. कोथिंबीर, आलं, लिंबू, गवती चहा, नारळ, तांदूळ यांचा तर हा देशच आहे. मिळत नाही ते गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं, घरचं लोणचं. एवढं आणलंत तर यजमानीण बाई आठवडाभर खूश. हापूसची पेटी नको. ताजी फळं विमानतळावर अडकतात, आणि इथला होआ लोक आंबा चाखल्यावर तुमचा हापूसचा अभिमान थोडा हलेल.

रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट घ्या. आपली दोन पिनांची वायर इथे चालते, तीन जाड पिनांची बसत नाही. आणि ज्येष्ठांच्या मनातला न विचारलेला प्रश्न: हो, जेट स्प्रे असतो. घरात, कॅफेत, मॉलमध्ये, सगळीकडे.

उतरल्यावर पहिला तास

तान सन न्यात विमानतळ शहराच्या पोटातच आहे. बाहेर येण्याआधी सिमकार्ड घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. मग थोडे पैसे बदला.

पैशांचं गणित असं: तीन शून्यं उडवा, उरलेल्याला सव्वातीन-साडेतीनने गुणा. एक लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. घोटाळा नोटांच्या रंगात आहे. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. एकीची किंमत पासष्ट-सत्तर रुपये, दुसरीची सोळाशेच्या वर. दोन्ही प्लॅस्टिकच्या, संध्याकाळच्या उजेडात एकसारख्या. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. दुकानादुकानांतून क्यूआर लावलेले दिसतात, पण ते इथल्या बँक खात्याच्या लोकांसाठी. तुमच्यासाठी रोख आणि मोठ्या ठिकाणी कार्ड.

गाडीसाठी फोनमध्ये ग्रॅब हे अ‍ॅप भारतातूनच उतरवून आणा. निळसर हिरव्या रंगाच्या विजेवरच्या झान्ह एसएम गाड्याही चांगल्या. रस्त्यावरची टॅक्सी घ्यायचीच झाली तर पांढरी विनासुन किंवा हिरवी माई लिन्ह, आणि बसण्याआधी दारावरचं नाव नीट वाचून. यांच्या नावात एखादं अक्षर बदलून फिरणाऱ्या गाड्या असतात. विमानतळाबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याकडे बघायचंही नाही.

नातेवाईक टॉवरमध्ये राहत असतील तर पत्ता सोपा. गल्लीत राहत असतील तर पत्त्यात तिरकी रेघ येते: १२०/१५. याचा अर्थ मुख्य रस्त्यावरच्या १२० क्रमांकाशी फुटणाऱ्या गल्लीतलं १५ नंबरचं घर. गल्लीला इथे ‘हेम’ म्हणतात. गल्लीला पोटगल्ली असली तर आणखी एक रेघ. काही हेम इतके अरुंद की मोटार आत जात नाही; गाडीवाला तोंडाशी सोडेल आणि बॅगा ओढत जावं लागेल. कुणी घ्यायला येणार असेल तर हेमच्या तोंडाशी बोलवा.

घराचं घड्याळ

व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. फरक किरकोळ वाटतो, पण भारतातल्या ऑफिसशी बांधलेल्या माणसाचा दिवस त्यामुळे रात्री उशिरा संपतो, आणि मुलांची शाळेची बस सकाळी सातच्या आत येते. म्हणजे घर लवकर उठतं आणि उशिरा निजतं. त्यातच तुम्ही.

‘पहिला दिवस पाहुणा, दुसरा दिवस पई, तिसरा दिवस राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण तुम्हाला कोणी ऐकवणार नाही, पण ती तयार करणाऱ्याचा अनुभव खरा होता. उपाय सोपा आहे. पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या: किल्ली किंवा लिफ्टचं कार्ड जास्तीचं आहे का, दुपारच्या जेवणाला धरायचं की नाही, कोणत्या वेळी घरात शांतता लागते. मग रोज रात्री सांगून टाका: ‘उद्या आम्ही सकाळी सहाला निघतोय, चहा आमचा आम्ही करू.’ या वाक्याने यजमानांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येतो तो बघण्यासारखा असतो. ते ‘अहो, मी रजा काढतो ना’ म्हणतील. काढू देऊ नका. ती रजा कू चीच्या युद्धकाळातल्या भुयारांसाठी किंवा मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशासाठी राखा. तिथे पूर्ण दिवस जातो आणि सोबत असली तर बरं पडतं. क्वान मोत तुमचं तुम्हाला जमतं.

मेट्रो पकडा

इथले बरेच भारतीय नदीपलीकडे थाओ दिएन आणि आन फू या भागांत राहतात. पूर्वी तिथून मध्यभागी यायचं म्हणजे टॅक्सी किंवा कोणाच्या तरी स्कूटरची मागची सीट. २२ डिसेंबर २०२४ ला शहराची पहिली मेट्रो सुरू झाली आणि पाहुण्यांचं आयुष्य बदललं. बेन थान ते सुओई तिएन, १९.७ किलोमीटर, १४ स्थानकं. थाओ दिएन आणि आन फू दोन्ही याच मार्गावर. एका खेपेचं तिकीट ७ ते २० हजार डोंग, म्हणजे फार तर सत्तर रुपये. थाओ दिएनहून बेन थानला पंधरा मिनिटांच्या आतबाहेर पोहोचता. नदी ओलांडताना उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांवर नजर ठेवा. ४६१ मीटर उंचीचा लँडमार्क ८१ हा टॉवर दिसतो, त्याच्या माथ्यावर जायचे पैसे वाचतात.

मध्यभागात तीन भुयारी स्थानकं: बा सन, ऑपेरा हाउस, बेन थान. त्यांच्या भोवती आपले तीन तुकडे पाडायचे. मुक्काम विमानतळाच्या बाजूला असेल तर मेट्रोचा उपयोग नाही. सकाळी बसने किंवा ग्रॅबने यायचं, बाकी क्रम तोच.

पहिली सकाळ: ऑपेरा हाउसपासून पोस्टापर्यंत

सातच्या आत स्थानकातून बाहेर या. समोर ऑपेरा हाउस, १९०० मध्ये उघडलेलं. शेजारी कॉन्टिनेंटल हॉटेल, १८८० चं. जो रस्ता वर चढत जातो तो दोंग खोई. फ्रेंचांच्या काळात तो कातिना होता, दक्षिण व्हिएतनामच्या काळात तू दो झाला, १९७५ नंतर दोंग खोई. सरकार बदललं की पाटी बदलते हे आपल्यालाही नवीन नाही.

दहा मिनिटं सावलीतून चालत गेलात की विटांचं कॅथेड्रल येतं. १८८० मध्ये पूर्ण झालेलं, विटा फ्रान्समधल्या मार्सेहून जहाजाने आणलेल्या. २०१७ पासून त्याची मोठी दुरुस्ती चालली आहे, त्यामुळे ते बाहेरून पाहून पुढे व्हायचं. खरा मुक्काम समोरच्या पिवळ्या पोस्ट ऑफिसात. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की हे आयफेलने बांधलं. नाही, वास्तुरचना आल्फ्रेड फूलू यांची, १८८६ ते १८९१ या काळातली. आत कमानदार छत, दोन्ही भिंतींवर हाताने रंगवलेले भलेमोठे नकाशे, लाकडी टेलिफोन खोल्या. एका नकाशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं सायगॉन आहे, दुसऱ्यात दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियाच्या तारायंत्राच्या वाटा. दुसऱ्यापाशी थोडं थांबा. रेघा जंगलातून, नदीकाठाने, सीमेपलीकडे जातात आणि साम्राज्य चालवायला काय लागायचं ते भाषणाशिवाय कळतं. हे पोस्ट आजही चालू आहे. चार पोस्टकार्डं घ्या, बाकावर बसून लिहा, तिकीट चिकटवून टाका. घरच्या पत्त्यावर स्वतःलाही एक पाठवा. बहुतेकदा ते तुमच्या मागाहून पोहोचतं.

पोस्टाच्या कडेला पुस्तकांची गल्ली आहे, न्ग्वेन वान बिन्ह. गाड्यांना बंदी, दुतर्फा पुस्तकांची दुकानं, झाडाखाली कॉफी. इथे बसून दहा वाजू द्यात आणि परतीची मेट्रो धरा. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

दुसरी सकाळ: राजवाडा आणि युद्ध

ही सकाळ जड आहे. पोट भरून निघा.

स्वातंत्र्य प्रासाद, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांचा वाडा, सकाळी आठला उघडतो, आणि तिकीटखिडकी दुपारी लवकर बंद होते, म्हणून सकाळच बरी. वास्तुविशारद न्गो विएत थू. इमारत १९६६ मध्ये पूर्ण झाली. दर्शनी भागावर बांबूच्या पेरांसारखी दगडी जाळी आहे. ऊन अडतं, वारा येतो. ३० एप्रिल १९७५ ला उत्तर व्हिएतनामचे रणगाडे याच फाटकातून आत घुसले. त्याआधी ८ एप्रिलला दक्षिणेच्याच हवाई दलातल्या एका वैमानिकाने यावर बॉम्ब टाकले होते. ते पडले ती जागा गच्चीवर लाल वर्तुळांनी दाखवली आहे, जवळच एक हेलिकॉप्टर उभं आहे. वरची दिवाणखान्याची दालनं भराभर बघा आणि तळघरात वेळ काढा. अरुंद बोळ, भिंतीवरचे लढाईचे नकाशे, जुनी रेडिओ यंत्रं, हिरवे पत्र्याचे टेबल. वर सोफे आणि झुंबरं, खाली हे.

तिथून युद्ध अवशेष संग्रहालय चालत पंधरा मिनिटांवर, जुन्या डिस्ट्रिक्ट थ्रीत. अंगणात अमेरिकी विमानं आणि रणगाडे आहेत, मुलं तिथे रमतात. वरच्या मजल्यांवर एजंट ऑरेंज या रसायनाने झालेल्या हानीची छायाचित्रं आहेत, ती लहान मुलांना दाखवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दोघं मोठी माणसं असाल तर पाळी लावा: एकजण वर, एकजण मुलांबरोबर अंगणात. वरच एक दालन युद्ध टिपताना मेलेल्या छायाचित्रकारांच्या कामाचं आहे, दोन्ही बाजूंच्या. संग्रहालय बाजू घेऊन बोलतं हे खरं आहे, जिंकलेल्यांचं संग्रहालय बाजू घेणारच. पण या दालनात ती बाजू बरीच मागे पडते.

बाहेर आल्यावर दुसरं काही पाहण्याचा हट्ट नको. घरी या, वरण-भात खा, झोपा.

तिसरी सकाळ: बेन थान आणि तमिळ सायगॉन

बेन थान स्थानकातून वर आलात की घड्याळाच्या मनोऱ्याचा बाजार, १९१४ पासूनचा. सकाळी आठला विक्रेते अजून पसारा मांडत असतात, ओरडा कमी असतो.

बाजारापासून थोड्या अंतरावर ट्रूओंग दिन्ह रस्त्यावर मरिअम्मन मंदिर आहे. फ्रेंचांच्या काळात पाँडिचेरी आणि तमिळ मुलखातून इथे लोक आले. चेट्टियार सावकार, कापडवाले, कारकून. १९७५ नंतर बहुतेक निघून गेले. मंदिरं राहिली आणि ती व्हिएतनामी भाविकांनी भरली. आत गेल्यावर गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला जा. बायका दगडी भिंतीला कपाळ आणि गाल टेकवून उभ्या असतात, ओठ दगडाला जवळजवळ लागलेले, आणि पुटपुटत आपलं गाऱ्हाणं सांगत असतात. देवी नीट ऐकते ती इथून, असा समज. पुढच्या बाजूला धूपकाड्यांचा धूर, फळांची ताटं, गोपुरावर आपल्या ओळखीचे देव. मोबाइल पिशवीत ठेवून नमस्कार करावा आणि बाहेर पडावं.

तिथून टोन थाट थिएप रस्त्यावर दंडायुधपाणीचं, म्हणजे कार्तिकेयाचं मंदिर, आणि दोंग दू रस्त्यावर दक्षिण भारतीय मुसलमानांनी १९३५ मध्ये बांधलेली मशीद. तिन्ही ठिकाणं चालत होतात. पाय साथ देत असतील तर ललितकला संग्रहालयही याच बाजूला आहे, हुई बोन होआ या धनाढ्य चिनी घराण्याच्या वाड्यात. चित्रांपेक्षा वाडाच बघावा: रंगीत काचा, टाइल्स, जुनी लाकडी लिफ्ट.

संध्याकाळ

सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा पाचला निघा. थाओ दिएन-आन फूकडे राहणाऱ्यांसाठी मेट्रोपेक्षा मजेची वाट म्हणजे नदीवरची वॉटरबस. बिन्ह आन धक्क्यावरून बाख दांगपर्यंत, तिकीट १५ हजार डोंगच्या घरात. फेऱ्या मोजक्या आहेत आणि शनिवार-रविवारी जागा आधीच भरतात, म्हणून ही मजा सोमवार ते गुरुवारात उरका.

बाख दांगहून न्ग्वेन ह्वे समोरच. २०१५ पासून हा रुंद रस्ता चालणाऱ्यांचा आहे. ४२ क्रमांकाच्या जुन्या इमारतीत मजल्यामजल्यावर कॅफे आहेत. लिफ्टचे पैसे मागतात, पण गच्चीच्या बाजूचं टेबल मिळालं तर खालचा अख्खा रस्ता दिसतो. वरच्या टोकाला हो ची मिन्ह यांचा पुतळा. इथे फोटो काढताना पाहुण्यांपैकी कुणीतरी ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्र काढतंच: व्हिएतनामी नेत्याने शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेतली आणि समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं लिहून घेतलं. याला काडीचाही आधार नाही. हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईत जतन केलेलं आहे आणि तिथे असलं काही लिहिलेलं नाही. महाराजांचं मोठेपण अशा दाखल्यावर उभं नाही. त्यापेक्षा ज्याच्या नावाच्या रस्त्यावर उभे आहात त्याची गोष्ट नातवंडांना सांगा: न्ग्वेन ह्वे या राजाने १७८९ मध्ये, ऐन तेतच्या दिवसांत, शत्रू सणात गाफील असताना चाल करून चीनच्या छिंग सैन्याला पळवून लावलं. गनिमी कावा यांचा यांच्याकडेच होता.

बुई विएन हा दारू आणि दणदणाटाचा रस्ता. तिशीच्या आतले असाल तर जा. सासू-सासऱ्यांना नेऊ नका.

रस्ता ओलांडणं

लक्ष्मी रोडवर तयार झालेल्यांनाही इथे पहिल्या दिवशी घाम फुटतो. स्कूटरचा लोंढा थांबत नाही, आणि तो थांबण्याची वाट पाहिलीत तर तिथेच संध्याकाळ होईल. पद्धत एकच: मोटार किंवा बस येत नाही ना ते बघा, पाऊल टाका, आणि एकाच संथ गतीने चालत राहा. स्कूटरवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळसा घालतो. तुम्ही धावलात, थबकलात किंवा मागे फिरलात की त्याचा अंदाज चुकतो. मोटारी आणि बस वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या. वयस्कर माणसाला प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि दंडाला धरा. आणि फुटपाथ मोकळा दिसला म्हणून बेसावध राहू नका, गर्दीत स्कूटर तिथूनही येते.

नातेवाइकांची स्कूटर स्वतः चालवायचा मोह आवरा. परवान्याचा प्रश्न आहे आणि काही झालं तर प्रवास विमा हात वर करतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे.

बाहेरचं खाणं

शाकाहारी माणसाने ‘चाय’ ही पाटी ओळखायला शिकावी; शाकाहारी खाणं विकणाऱ्या दुकानावर ती असते. फो चाय आणि हू तिएउ चाय या रश्शातल्या शेवया, बान्ह मी चाय हा पावातला प्रकार. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अनेक बौद्ध घरं शाकाहार करतात, त्या दिवशी अशा दुकानांत गर्दी असते आणि पदार्थही जास्त असतात. बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे, त्यामुळे जुन्या वळणाच्या चाय दुकानात चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. विचारून घ्यावं लागतं, पण होते.

नेहमीच्या दुकानात मात्र ‘भाज्याच आहेत ना’ यावर विसंबू नका. नुओक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, परतलेल्या पालेभाजीतही असतं. भाचीकडून एका कागदावर व्हिएतनामीत लिहून घ्या: मांस, मासे, नुओक माम नको, अंडं चालतं किंवा चालत नाही. तो कागद दाखवला की दुकानदारीण मान हलवते आणि नीट करून देते. मत्स्याहारी लोकांना सूचनांची गरज नाही. कोकणी माणूस इथे दुसऱ्या दिवशी घरच्यासारखा जेवतो.

नळाचं पाणी प्यायचं नाही. कॉफीतला भोकाचा बर्फ कारखान्यातून येतो, तो बहुतेकांना बाधत नाही. ‘का फे सुआ दा’, म्हणजे घट्ट दुधाची थंड कॉफी, दुपारी चारनंतर घेतलीत तर रात्री यजमानांबरोबर जागाल.

खरेदी आणि डोळे उघडे ठेवणं

बेन थानमध्ये विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते. तुम्ही अर्ध्याच्या खाली दाखवा, हसत. निघायला लागलात की मागून नवा आकडा येतो. काही दुकानांवर एकच भावाची पाटी असते, तिथे घासाघीस करू नये. काजू, मिरी, कॉफी घ्या, पण वजनाने घेण्याआधी घराजवळच्या सुपरमार्केटमधला भाव बघून या. लाखेचं काम केलेल्या वाट्या-डबे सुंदर असतात आणि बॅगेत फुटत नाहीत.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. खांद्यावर कावड घेतलेला नारळवाला ‘घ्या, फोटो काढा’ म्हणून ती तुमच्या खांद्यावर ठेवतो आणि मग नारळ सोलून भलते पैसे मागतो. बूट शिवणारा न विचारता बुटाला हात घालतो. सायकलरिक्षावाला भाव ‘माणशी’ होता असं शेवटी सांगतो. हे सगळे पैशांवर भागणारे. खरी काळजी फोनची: रस्त्याच्या कडेला नकाशा बघत उभं राहायचं नाही. मागून येणारी स्कूटर फोन घेऊन जाते आणि तुम्ही ओरडेपर्यंत ती दिसेनाशी होते. नकाशा बघायचा तर भिंतीकडे सरकून, दुकानाच्या आत शिरून. पासपोर्ट घरी, त्याची प्रत खिशात, आणि यजमानांचा पत्ता व्हिएतनामी लिपीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात वेगळी.

निघताना

यजमान पैसे घेणार नाहीत, ते काढूही नका. शेवटच्या आठवड्यात भाजी आणि फळं तुम्ही आणत जा. सकाळच्या बाजारात बोटाने दाखवून सगळं घेता येतं. एक संध्याकाळ मुलांना सांभाळायचं कबूल करून त्या दोघांना बाहेर पाठवा. या शहरात आजी-आजोबा नसलेल्या घराला याहून मोठी भेट नाही. चादरी काढून धुण्याच्या मशीनमध्ये टाका, लिफ्टचं कार्ड परत करा, आणि विमानतळावर सोडायला कुणाला उठवू नका. पहाटेसुद्धा ग्रॅब मिळते. तीन तास आधी निघा.